रत्नागिरीजवळच्या शाळेत तिसरी-चौथीची 30 मुलं आहेत. पीटीच्या तासाला कोणते सांघिक खेळ घ्यावेत?

साखळी आणि लगोरी आधी घ्या, खो-खो नंतर. प्राथमिकच्या मुलांचे तास घेताना मी एकच बघते: किती जणं खरंच पळतायत. खो-खोत आठ जणं बसलेली, पळणारे मोजून चार. साखळीत बाद झालेलाही हात धरून पळतच राहतो, कोणी कडेला बसत नाही. लगोरीसाठी दोन-तीन गट करा, प्रत्येकाला सात ठिकऱ्या. फुटक्या कौलाच्या चालतात, पण कडा कातळावर घासून बोथट करा. चेंडू मऊच हवा, मार कमरेखाली. फक्त पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की पळापळ अजिबात नको, पोरं वाईट आपटतात.