ताट वेगळं कशाला? आधी व्हायरल लोड कर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गोळ्या संपून महिना झाला तरी घरात तुझं ताट-पेला वेगळाच आहे, हे वाचून जीव कळवळला. हिपॅटायटिस सी सोबत जेवल्याने कधीच पसरत नाही, आजार अंगात असतानाही नाही. तो रक्तातून रक्तात जातो. भरीत-भाकरीच्या पंगतीत आजच सगळ्यांबरोबर बस.

तुझ्या गोळ्या सोफोसबुविर आणि डॅक्लाटासवीर, 84 दिवसांच्या. शेवटच्या गोळीपासून 12 आठवडे मोज आणि मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू उरलाय का ते बघणारी एचसीव्ही आरएनए तपासणी कर. गोळ्या चालू असताना विषाणू दिसेनासा झाला असेल, पण तो रिपोर्ट शेवटचा धरत नाहीत; विषाणू उलटला तर बहुधा या 12 आठवड्यांतच उलटतो. तेव्हाही सापडला नाही, तर तू बरा झालास आणि तुझ्यापासून कुणालाही लागण होणार नाही. लग्नाची बोलणी थांबवायचं कारण नाही. तपासणी सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथून गोळ्या घेतल्या तिथेच विचार. तोवर मात्र वस्तरा, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश स्वतःचाच वापर.

खरा घोळ पुढेच होतो. उद्या कुणी लॅबमध्ये साधी पट्टीची तपासणी केली, तर ती पॉझिटिव्हच येईल. ती विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते आणि ती बहुतेकदा जन्मभर राहतात. बरे झालेले कितीतरी जण ही पट्टी बघून पुन्हा हादरतात. रक्तदान मात्र आता कधीच करायचं नाही.

ही प्रतिपिंडं संरक्षण देत नाहीत. सी वर लसही नाही. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदलं, तर आजार नव्याने होऊ शकतो.

गावात 'पांढरी कावीळ' म्हणतात ती हिपॅटायटिस बी. तुझा नियम तिला लावू नकोस. तिच्यावरची गोळी, टेनोफोविर, विषाणू दाबून ठेवते, सहसा संपवत नाही. लागणीचा धोका खूप कमी होतो, पण गोळी मनाने बंद केली तर विषाणू उसळून यकृत बिघडू शकतं. अशा घरात सगळ्यांची तपासणी करून लस घ्यावी: आज, 1 महिन्याने, 6 महिन्यांनी. आईला बी असेल, तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन.

सोनोग्राफीत सिरोसिस, म्हणजे यकृत निबर झालेलं आलं असेल, तर विषाणू गेल्यावरही दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नकोस. व्हायरल लोडच्या रिपोर्टची झेरॉक्स काढून आधार कार्डासोबत ठेव. ऑपरेशनआधी पट्टी पॉझिटिव्ह आली की तोच कागद डॉक्टरांना दाखव.