आकाशगंगेच्या आतच बसून तिचा वेग आणि वजन कसं काढतात? नागपुरातून घरच्या घरी जमेल का?

निम्मं जमेल. त्यासाठी पेंचच्या अंधारात जायचीही गरज नाही, कारण इथे तारे बघायचेच नाहीत. आकाशगंगेतला हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर रेडिओलहरी सोडतो. १९५१ मध्ये हार्वर्डला त्या पहिल्यांदा पकडल्या, त्याही खिडकीबाहेर बसवलेल्या कर्ण्याने, म्हणजे कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनाने. धरमपेठेतल्या दिव्यांनी किंवा ढगांनी त्यांना काही फरक पडत नाही. मोबाइल टॉवरचा त्रास मात्र होतो, म्हणून फिल्टर लागतोच. बाकी पत्र्याचा डबा, पुठ्ठ्यावर फॉइल चिकटवून केलेला कर्णा, अॅम्प्लिफायर, एसडीआर डोंगल (रेडिओलहरी लॅपटॉपला वाचता येतील अशा करणारी यूएसबी काडी) आणि लॅपटॉप. मे महिन्यात गच्चीवर हा उद्योग करू नका, एवढंच सांगतो.

दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी श्रवण ताऱ्याच्या नैर्ऋत्येला, आकाशगंगेच्या पट्ट्यावर कर्णा रोखा. आकाशगंगेच्या केंद्रापासून ३० अंशांवरची दिशा निवडायची. स्क्रीनवर एक टोक न येता पसरट उंचवटा येतो, कारण त्या रेषेत जवळचा-लांबचा सगळा वायू येतो. आपल्याला त्याची डावी, म्हणजे कमी मेगाहर्ट्झची कड हवी, कारण दूर जाणाऱ्या वायूच्या लहरी तिकडे सरकतात. ती साधारण १४१९.९ वर संपते, म्हणजे सर्वात वेगाने दूर जाणारा वायू सेकंदाला १०५ किलोमीटरने जातोय. (पृथ्वीचा सूर्याभोवतीचा ३० किलोमीटरपर्यंतचा वेग आधी वजा-जमा करून घ्या, नाहीतर सगळं गणित बिघडतं.) हा वायू नेमका तिथे असतो जिथे आपली नजर त्याच्या केंद्राभोवतीच्या वर्तुळाला स्पर्श करून जाते. ३० अंशांचा साइन अर्धा, म्हणून तो केंद्रापासून आपल्या निम्म्या अंतरावर. सूर्यासकट आपण केंद्राभोवती सेकंदाला २३० किलोमीटरने फिरतो; त्या वेगाचा निम्मा भाग, ११५, त्यात मिळवला की त्याचा वेग २२०. अंतर माहीत नसताना अंतर मिळतं, ही या पद्धतीतली मला सर्वात आवडणारी गोष्ट.

आता वजन. आपल्या वेगाचा वर्ग गुणिले आपल्या कक्षेची त्रिज्या, भागिले गुरुत्व स्थिरांक. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,७०० प्रकाशवर्षांवर आहे. आकडे घातले की आपल्या कक्षेच्या आत सुमारे दहा हजार कोटी सूर्यांएवढं वस्तुमान निघतं. पण फक्त आतलं! बाहेरचं यात येत नाही.

आणि बाहेर तुमचा कर्णा चालत नाही, कारण तिकडे स्पर्शबिंदूच नसतो. तिथे अंतर माहीत असलेले तारे लागतात, ते गाया उपग्रहाने दिले. सगळं वस्तुमान आतच असतं तर दुप्पट अंतरावर वेग १६३ पर्यंत पडायला हवा होता. मोजला तर २१५च्या आसपास भरतो. न दिसणारं काहीतरी बाहेर आहे, असं म्हणतात ते यावरून. दूरचे तारकागुच्छ आणि उपदीर्घिका (आकाशगंगेभोवतीच्या छोट्या दीर्घिका) धरून एकूण आकडा साधारण एक लाख कोटी सूर्य सांगतात. २०२३ मध्ये गायाच्याच नोंदींवरून एका गटाने तो वीस हजार कोटींवर आणला, कारण त्यांना अगदी कडेला वेग घसरताना दिसला. मला तो आकडा फारच कमी वाटतो. कडेच्या ताऱ्यांची अंतरं अजून ढोबळ आहेत, आणि अंतर थोडं चुकलं तरी वेग चुकतो.