घोरणं नवऱ्याचं, साक्ष बायकोची

प्रश्न : माझे मिस्टर अमेरिकन आर्मीत होते, २००५ ते २०१३, त्यात एक वर्ष इराकला. आमचं लग्न २००८ चं, आणि तेव्हापासून ह्यांचं घोरणं असं की शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस उठेल, मधेच श्वास थांबतो मग दचकून उठून बसतात. आत्ता कुठे स्लीप स्टडी केली, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) निघाला, झोपेत नाकातून हवा देणारं सीपॅप मशीन लागलं. व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे, भरपाईचा क्लेम टाकला तर नामंजूर, म्हणे सर्व्हिसशी संबंध दिसत नाही. ह्यांच्या मित्राला मात्र मशीनवरच ५० टक्के अपंगत्वाचं रेटिंग मिळालंय!
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ताई, मित्राचं चूक नाही पण ते पुढचं गणित झालं. आत्ताच्या निकषांत दिवसभर झोप येत राहते एवढंच असेल तर ३० टक्के, मशीनची गरज असेल तर ५०, श्वसनच निकामी व्हायला लागलं किंवा गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागली तर १००. ५० टक्क्यांना २०२५ च्या दराने एकट्या माणसाला महिना साधारण ११०२ डॉलर, त्यावर टॅक्स नाही, बायकोमुलांचे थोडे वर. पण हे सगळं आजार सर्व्हिसशी जोडला गेल्यावर, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय.

आर्मीच्या मेडिकल फायलीत ॲप्निया नसणं अगदी कॉमन आहे हो, विशीतला पोरगा घोरतो म्हणून कोण डॉक्टरकडे जातंय, बराकीत फार तर उशी फेकून मारतात. म्हणून साक्षी लागतात, आणि पहिली साक्षीदार तुम्ही! लग्न २००८ चं, म्हणजे सर्व्हिसची पाच वर्षं तुम्ही हे शेजारी झोपून ऐकलंय. फॉर्म २१-१०२१० वर साध्या भाषेत लिहा, कधीपासून, श्वास कसा थांबायचा, सकाळी डोकं दुखायचं का, गाडी चालवताना पेंगायचे का. "त्यांना ॲप्निया होता" असं मात्र लिहू नका, ते डॉक्टरचं काम, तुम्ही फक्त पाहिलेलं ऐकलेलं लिहायचं. इराकला एका खोलीत असलेल्या एखाद्या मित्राकडूनही असंच घ्या.

मग डॉक्टरचं पत्र, त्याला नेक्सस लेटर म्हणतात. खात्री द्यावी लागत नाही, सर्व्हिसशी संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी आहे एवढं कारणासकट लिहिलं तरी चालतं. कारण हवंच, नुसत्या एका ओळीच्या पत्राला तिथे कोणी विचारत नाही.

दुसरी वाटही आहे. २०२२ च्या पॅक्ट ॲक्टमध्ये, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या अमेरिकन कायद्यात, इराकला राहिलेल्यांसाठी जुनाट सर्दी आणि सायनस हे आजार तिथल्या धुरामुळेच झाले असं धरून चालतात. ॲप्निया त्या यादीत नाही, पण ह्यांचं नाक कायम चोंदलेलं असेल तर आधी ते मंजूर करून घ्या आणि ॲप्निया त्याच्यामुळे झाला किंवा वाढला असा सेकंडरी क्लेम करा. पीटीएसडी (युद्धासारख्या धक्क्याने होणारा मानसिक आजार) असेल तर त्याच्यावरूनही असाच मांडता येतो, पण सगळ्यात डॉक्टरचं मत लागतंच.

नामंजुरीच्या पत्रावरची तारीख बघा. एक वर्षाच्या आत नव्या पुराव्यासकट सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५, टाकला आणि मंजूर झाला तर पैसे सहसा पहिल्या क्लेमच्या तारखेपासून मिळतात. रेंगाळू नका, कारण मशीन आहे म्हणून सरसकट ५० न देता उपचाराने किती फरक पडतो ते बघून टक्के ठरवायचे असा प्रस्ताव व्हीएने २०२२ मध्येच मांडलाय. एकदा मिळालेलं रेटिंग नुसते निकष बदलले म्हणून कमी करत नाहीत, कायद्यातच तसं आहे. आणि मिळणाऱ्या पैशात टक्केवारी मागणाऱ्या कंपन्यांना दारात उभं करू नका, डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन ह्या माजी सैनिकांच्या संघटनांची माणसं फुकट मदत करतात.

प्रश्न : मी आपल्या भारतीय आर्मीतून २०१६ ला रिटायर, सातारा. रिटायर होताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने स्लीप ॲप्निया २० टक्के लिहिला पण पुढे एनएएनए शेरा, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाही. काही होईल का?

उत्तर : काका, २० टक्के आहेत हे चांगलं, त्याच्या खाली असते तर अवघड होतं. अडचण शेऱ्याची आहे, म्हणजे आजार नोकरीमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरावं, उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये म्हटलंय. आधी अपील करा, नाही ऐकलं तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं मुंबई बेंच आहे. जिंकलात तर २० चे राऊंड होऊन ५० टक्के धरतात. भरतीचे मेडिकल पेपर आणि बोर्डाची प्रत आधी शोधून ठेवा, आणि सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा.