अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती जनरल ली ॲपोमॅटॉक्सच्या न्यायालयाच्या इमारतीतच शरण आले होते का?
नाही, ९ एप्रिल १८६५ रोजी ली यांनी उत्तरेचे सेनापती ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली ती व्हर्जिनियातील ‘ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस’ या गावी, पण विल्मर मॅक्लीन यांच्या घराच्या दिवाणखान्यात. घोटाळा नावामुळे होतो, कारण काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मुख्य गावालाच ‘कोर्ट हाउस’ म्हणण्याची तेथे रीत होती. शिवाय त्या दिवशी रविवार असल्याने न्यायालय बंद होते. १८९२ मध्ये ते जळाल्यावर काउंटीचे ठाणे सुमारे ५ किलोमीटरवरील रेल्वे स्थानकाच्या गावी हलले, आणि जुने गाव मागे पडल्यामुळेच, माझ्या मते, त्याची मूळ घडण टिकली. मात्र मॅक्लीन यांचे घर १८९३ मध्ये उतरवले गेले असल्याने आज दिसते ती पुनर्बांधणी आहे. अस्सल वास्तू पाहायची असेल तर तेथील १८१९ची क्लोव्हर हिल खाणावळ अवश्य पाहावी.