टीकेची झोड उठते तेव्हा ब्लॉगरला ढाल करू नका

पालक-ब्लॉगरना हाताशी धरून उत्पादनाची ओळख करून देणाऱ्या मोहिमांबद्दल बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा रोख एकाच प्रसंगाकडे आहे: मोहीम छान चाललेली असते आणि एकाएकी सोशल मीडियावर कंपनीला फैलावर घेतलं जातं. त्यातल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न: आम्ही बाळांसाठीच्या वस्तू बनवतो. बारा पालक-ब्लॉगरना नमुने पाठवले होते. शनिवारी संध्याकाळी एकीच्या व्हिडिओखाली टीका सुरू झाली आणि सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत आमच्या नावाचा हॅशटॅग फिरत होता. पहिल्या काही तासांत नेमकं काय करायला हवं होतं?

शनिवार संध्याकाळ हा योगायोग नाही. मुलं झोपली की आणि सुट्टी असली की पालकांच्या हातात निवांत फोन येतो, आणि कंपनीत नेमकं तेव्हाच कुणी नसतं. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत मोट्रिन या वेदनाशामकाचं हेच झालं. बाळाला कापडाने अंगाशी बांधून फिरवणं ही जणू फॅशन आहे, असा सूर असलेली त्यांची जाहिरात सप्टेंबरअखेरपासून साइटवर होती. भडका उडाला तो दीड महिन्यानंतरच्या एका शनिवार-रविवारी, ट्विटरवर. कंपनीने रविवारी साइट खाली घेतली आणि विपणनाच्या उपाध्यक्षांनी माफी मागितली. तोवर निषेधाचे व्हिडिओ यूट्यूबवर पोचले होते आणि मासिकांत छापून गेलेली जाहिरात तर हाताबाहेरच होती. म्हणून आपला मजकूर कुठेकुठे आहे याची यादी मोहिमेच्या आधी तयार ठेवा. आग लागल्यावर ती करायला वेळ मिळत नाही.

पहिलं काम बोलण्याचं नाही, थांबवण्याचं आहे. शेड्यूल केलेल्या सगळ्या पोस्ट आणि पैसे देऊन चालवलेल्या जाहिराती थांबवा, आणि उरलेल्या अकरा ब्लॉगरनाही थांबायला सांगा. इकडे लोक चिडलेले असताना तिकडे आठ वाजता 'आजची खास सवलत!' आपोआप पडली, तर मूळ चूक बाजूला राहते आणि त्या एका पोस्टचेच स्क्रीनशॉट फिरत राहतात.

लगेच नोंद सुरू करा. साध्या एक्सेल शीटमध्ये पाच रकाने पुरतात: वेळ, लिंक, स्क्रीनशॉट, नेमका आक्षेप, उत्तर कोण देणार. आक्षेपांचे ढीग पाडा. उत्पादनाने इजा होईल असं म्हणणारे एका बाजूला, 'पैसे घेऊन लिहिलंय हे लपवलं' म्हणणारे दुसऱ्या, 'आम्हा आयांची थट्टा केली' म्हणणारे तिसऱ्या, आणि निव्वळ टवाळी चौथ्या. पहिल्या ढिगातली एकच कमेंट असली तरी ती सगळ्यांत आधी, आणि ती मार्केटिंगने नव्हे, गुणवत्ता विभागाने हाताळायची. बॅच नंबर, खरेदीची तारीख, फोटो मागून घ्या. बाळाला खरंच काही झालं असेल तर आधी त्याची विचारपूस, मग बॅच नंबर.

मग तासाभरात एक छोटं निवेदन. असं: 'कालच्या व्हिडिओबद्दलच्या तुमच्या तक्रारी आम्ही वाचत आहोत. तो व्हिडिओ सध्या थांबवला आहे. नेमकं काय झालं ते तपासून उद्या सकाळी ११ वाजेपर्यंत इथेच सांगू.' यातली घड्याळाची वेळ सगळ्यांत महत्त्वाची. 'लवकरच' म्हटलंत की लोक दर दहा मिनिटांनी विचारत बसतात. आणि ११ वाजता हातात काही नसलं तरी तेवढं सांगायला हजर राहायचं.

प्रश्न: एजन्सी म्हणते, ज्या ब्लॉगर आपल्या बाजूच्या आहेत त्यांना कमेंटमध्ये उतरवा. हे बरोबर आहे का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

ब्लॉगरचे वाचक तिचं ऐकतात कारण ती त्यांच्यातलीच एक आहे. ती कंपनीची वकिली करायला लागली की ते नातं तुटतं, आणि कंपनीचाही काही फायदा होत नाही, कारण ज्याच्यासाठी तिला बोलावलं होतं ते उरलेलंच नसतं. २००९ च्या शरदात नेस्लेने कॅलिफोर्नियात वीस ब्लॉगरना 'नेस्ले फॅमिली' या कार्यक्रमाला बोलावलं. बाळांच्या दुधाच्या विक्रीपद्धतीवरून या कंपनीवर १९७७ पासून, मधली काही वर्षं सोडली तर, बहिष्काराची चळवळ चालू आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये आईच्या दुधाला पर्यायी उत्पादनांच्या विपणनाबद्दल आंतरराष्ट्रीय संहिता केलेली आहे. विरोधकांनी कार्यक्रमाचाच हॅशटॅग ताब्यात घेतला. सुरुवातीला कंपनीकडून अधिकृत उत्तर येत नव्हतं, त्यामुळे फिरायला आलेल्या पाहुण्यांवरच आफ्रिकेतल्या दूधपावडरीबद्दल खुलासे करायची पाळी आली. त्यांना ना माहिती होती ना अधिकार.

यातून दोन कामं निघतात. एक, निमंत्रणासोबत एक पान द्या: 'आमच्याबद्दल शोधलंत तर काय वाईट सापडेल.' जुने वाद, कोर्टातली प्रकरणं, परत मागवलेली उत्पादनं, आणि त्यावर आपलं म्हणणं. हे पान वाचून कुणी नकार दिला तर आनंद माना. तो नकार नंतर जाहीरपणे आला असता. दोन, कार्यक्रम चालू असेपर्यंत उत्तर देऊ शकणारा कंपनीचा माणूस, नाव आणि हुद्द्यासकट, ऑनलाइन हजर ठेवा. ब्लॉगरकडे प्रश्न आला की तिने एवढंच म्हणायचं: 'याचं उत्तर कंपनीने द्यायला हवं, त्यांना विचारलं आहे.'

प्रश्न: पेजवरच्या वाईट कमेंट काढून टाकायला काय हरकत आहे? पेज आमचंच आहे ना?

पेज तुमचं आहे, स्क्रीनशॉट त्यांचे आहेत. मार्च २०१० मध्ये पाम तेलासाठी होणाऱ्या जंगलतोडीवरून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने नेस्लेच्या किटकॅट चॉकलेटविरुद्ध व्हिडिओ काढला. नेस्लेने तो कॉपीराइटच्या कारणाने यूट्यूबवरून काढायला लावला, मग तो इतर ठिकाणी पसरला. त्यातच फेसबुक पेज सांभाळणाऱ्याने, आमचा लोगो बदलून प्रोफाइलला लावणाऱ्यांच्या कमेंट काढू, असं सांगितलं आणि वर टोमणेही मारले. मूळ मुद्दा जंगलतोडीचा होता. पेजवर भांडण मात्र 'आमच्या कमेंट का काढता' यावर पेटलं.

काय काढायचं याचा नियम आधी लिहा आणि पेजवर दिसेल असा ठेवा: शिवीगाळ, धमकी, कुणाचा पत्ता-फोन नंबर, मुलांचे फोटो, त्याच मजकुराचा भडिमार. टीका, कितीही झोंबली तरी, राहू द्या. काढलेल्या प्रत्येक कमेंटचा स्क्रीनशॉट आणि कारण शीटमध्ये टाका, कारण उद्या कुणीतरी विचारणारच.

प्रश्न: माफीनामा वकिलांकडून तपासून घेतला, तरी लोक जास्तच भडकले. असं का?

तुम्ही पाठवलेला मजकूर असा आहे: 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. पालकांचा सन्मान हे आमचं नेहमीच ध्येय राहिलं आहे.' यातला 'असल्यास' सगळं बिघडवतो. दुखावलेला माणूस समोर उभा आहे आणि आपण त्याला विचारतोय, खरंच दुखलं का? दुसरं वाक्य तर जाहिरातीचंच.

चालेल असा माफीनामा चार वाक्यांत होतो. काय केलं: 'आमच्या व्हिडिओत बाटलीने दूध देणाऱ्या आईला आळशी दाखवलं.' चूक कबूल: 'ते चुकीचं होतं आणि मंजुरी आम्ही दिली होती.' त्यावर आता काय केलं: 'व्हिडिओ सगळीकडून काढला आहे.' पुढे काय: 'यापुढे अशी स्क्रिप्ट मंजूर होण्याआधी आमच्या स्तनपान सल्लागार ती वाचतील.' खाली माणसाचं नाव आणि हुद्दा. 'टीम अमुक' अशी सही नको. टीमला कुणी ओळखत नाही.

'मंजुरी आम्ही दिली होती' यावर वकील हमखास अडतात. जखम किंवा आजाराचा प्रश्न असेल तर त्यांचं ऐका. निव्वळ असभ्य जाहिरातीचा असेल तर हट्ट धरा. ब्लॉगरने किंवा एजन्सीने केलं, असं चुकूनही लिहू नका. आणि माफी जिथे भडका उडाला तिथेच द्या. इन्स्टाग्रामवरच्या रागाला साइटच्या कोपऱ्यातल्या प्रसिद्धिपत्रकाने उत्तर देऊन चालत नाही.

प्रश्न: ब्लॉगरना गंमत म्हणून एक सरप्राइज कार्यक्रम द्यायचा विचार आहे. धोका आहे का?

गंमत कुणाच्या खर्चाने, यावर आहे. ऑगस्ट २०११ मध्ये कॉनअॅग्रा या खाद्यपदार्थांच्या कंपनीने न्यूयॉर्कमध्ये फूड-ब्लॉगर आणि आई-ब्लॉगरना एका नामांकित शेफच्या खास मेजवानीला बोलावलं. वाढलं ते कंपनीचं गोठवलेलं लझानिया (पास्त्याच्या थरांचा तयार पदार्थ), आणि प्रतिक्रिया टिपायला छुपे कॅमेरे होते. ताज्या, बिनरासायनिक जेवणाबद्दल लिहिणाऱ्यांनी वाचकांना या मेजवानीचं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सगळ्यांदेखत त्यांचंच हसं झालं. अशा मेजवान्यांपैकी शेवटची रद्द करावी लागली आणि पाहुण्यांच्या खर्चाची भरपाई देऊ करावी लागली. पदार्थ चवीला बरा होता की नाही, हे कुणी विचारलंही नाही.

सरप्राइज भेटवस्तूचं असू द्या. काय खायचं, काय शूट होतंय, मुलांचा चेहरा कुठे वापरला जाणार, यात सरप्राइज नको.

प्रश्न: मी ब्लॉगर आहे. कंपनीने दिलेल्या उत्पादनावर लिहिलं आणि आता मला शिव्या पडताहेत. कंपनी म्हणते, पोस्ट तशीच ठेव आणि गप्प बस. काय करू?

आधी पोस्टमधून आणि स्टोरीतून मुलांचे फोटो काढा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, कारणही द्यावं लागत नाही. धमक्या येत असतील तर कमेंट बंद करा, स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार करा.

मग पोस्ट पुन्हा वाचा. वस्तू फुकट मिळाली किंवा पैसे मिळाले हे पहिल्या दोन ओळींत, साध्या शब्दांत आहे का? 'अधिक वाचा'च्या खाली किंवा वीस हॅशटॅगच्या ढिगात असेल तर ते नसल्यासारखंच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर १ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांत ब्लॉगरना फुकट मिळालेल्या वस्तूही उघड करायच्या गोष्टींत धरल्या. राहून गेलं असेल तर आत्ता, तारीख घालून, वर दुरुस्ती लिहा. पोस्ट गुपचूप गायब करू नका. 'पुरावा नष्ट केला' हा नवा आरोप चिकटतो.

'गप्प बस' हे करारात लिहिलंय का ते पाहा. नसेल तर तो फक्त सल्ला आहे.

प्रश्न: मग करारात काय असावं?

कंपन्यांनो, हे तुम्हीच घाला, ब्लॉगरने मागायची वाट पाहू नका. वाद झाल्यास दोघांपैकी कुणालाही मोहीम थांबवण्याचा हक्क. झालेल्या कामाचे पूर्ण पैसे, ब्लॉगर मध्येच बाहेर पडली तरी. नापसंती लिहिण्यावर बंदी नाही. कमेंटना उत्तर द्यायची सक्ती नाही. आणि सुट्टीच्या दिवशीही उचलला जाईल असा एक फोन नंबर. वाईट लिहायला मनाई करणारं कलम बाहेर आलं, की आधीचे सगळे चांगले अभिप्रायही खोटे ठरतात.

प्रश्न: प्रत्येक टीकेला उत्तर द्यायचं का? कधी गप्प राहावं?

कमेंट मोजू नका, खाती मोजा. समजा ८०० कमेंट आहेत आणि त्या ४० खात्यांच्या आहेत, तर एकदाच सविस्तर उत्तर देऊन पिन करा आणि थांबा. तेवढ्याच कमेंट ६०० खात्यांच्या असतील, त्यात तुमचे नेहमीचे ग्राहक दिसत असतील, तर प्रकरण वेगळं. एकाच माणसाला त्याच मुद्द्यावर दोनदा उत्तर झालं की पुरे. तिसऱ्यांदा वाद होतो. सुरक्षिततेच्या प्रश्नावर मात्र गप्प राहण्याची मुभा नाही.

प्रश्न: मोहीम पुन्हा कधी सुरू करावी?

दिवस मोजून नाही. तुमची शीट उघडा. 'उत्तर कोण देणार' हा रकाना रिकामा असलेली ओळ सापडली तर अजून नाही. माफीत दिलेलं वचन पाळल्याचं जाहीर केलं नसेल तरी अजून नाही. त्यानंतर आधीच्या बाराही जणींना फोन करा, मेल नव्हे. कुणाला पुन्हा काम करायचंय हे विचारण्याआधी, त्या दिवसांत त्यांना काय सोसावं लागलं ते ऐका. ज्या नाही म्हणतील त्यांचे राहिलेले पैसे त्याच आठवड्यात चुकते करा.