वाचकांचे प्रश्न : नाणेघाटातील रांजण

प्रश्न : नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात पूर्वी जकातीची नाणी टाकत असत, असे आम्ही जुन्नर तालुक्यातील मुलांना सांगतो. याला पुरावा आहे काय? — एक शिक्षिका

उत्तर : जकातीची ही समजूत लोकपरंपरेतली आहे. ती सांगावी, मात्र परंपरा म्हणूनच सांगावी, कारण जवळच्या लेण्यातील ब्राह्मी लिपीच्या प्राकृत शिलालेखात रांजणाचा किंवा जकातीचा उल्लेख येत नाही. सातवाहन राणी नागनिकेशी जोडलेल्या त्या लेखात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची नोंद आहे. शिवाय त्यातील संख्या अंकांत कोरलेल्या असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात त्याला फार मोलाचे स्थान आहे. मुलांना तो भाग अवश्य दाखवावा. रांजणापेक्षाही तो अधिक बोलका आहे, असे मला मनापासून वाटते.

लेण्याच्या मागील भिंतीवर एके काळी सातवाहन राजे सिमुक व सातकर्णी, राणी नागनिका आणि इतरांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले आहे.

घाटात जकात घेतली जात असणे मात्र असंभव नाही, कारण कल्याण व सोपारा या बंदरांकडील माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. वाटेवरची पाण्याची खोदीव टाकीही त्या वर्दळीची साक्ष देतात.