चेंडू पायाशी थांबला पाहिजे

टिळकवाडी, बेळगाव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. फुटबॉल लीगच्या 14 सामन्यांच्या हंगामात तुला जेमतेम तीन वेळा बदली खेळाडू म्हणून उतरवले, संघातल्या मुली आपापल्या भाषेच्या घोळक्यात असतात आणि खानापूरकडच्या मराठी मुलीला कोणी धरत नाही, असे तू लिहिले आहेस. पुढच्या हंगामाला जावे की पोलीस भरतीचा अर्ज भरावा, हा तुझा प्रश्न. त्याआधी मला तुझ्या पहिल्या स्पर्शाबद्दल, म्हणजे आलेला चेंडू तू पायावर कसा घेतेस त्याबद्दल, बोलायचे आहे.

तुझा एक सामना मी मोबाइलवर पाहिला. डावीकडून आलेला पास तू घेतलास, चेंडू दोन हात पुढे निसटला आणि समोरच्या मुलीने तो नेला. तिथे भाषेचा काय संबंध होता, ते मला सांग.

हा दोष तुझ्या एकटीचा नाही, हेही मला ठाऊक आहे. आपल्याकडे पावसाळाभर लाल चिखल आणि नंतर वाळलेली ढेकळे. चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसल्यामुळे तो आला की लाथाडून मोकळे व्हायचे, ही सवय पायाला लहानपणीच लागते. सपाट, ओल्या टर्फवर मात्र चेंडू सरपटत वेगाने येतो आणि तो पायाशी थांबवता आला नाही, तर पुढची सगळी धाव वाया जाते.

शिवाय लीगचे स्वरूपच बदलले आहे. इंडियन विमेन्स लीग पूर्वी एकाच शहरात उरकत असे. 2019 मध्ये आपल्या शेजारच्या एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली लुधियानाला खेळल्या, तेव्हाही तसेच होते. 2023-24 मध्ये सामने आपल्या आणि परक्या अशा दोन्ही मैदानांवर होऊ लागले. 2024-25 मध्ये, ज्या वर्षी ईस्ट बंगाल विजेता ठरला, आठ संघ होते. म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्धी तुला दोनदा भेटतो. पहिल्या भेटीत झाकलेली खोड दुसऱ्या भेटीत झाकत नाही. तुझा चेंडू निसटतो हे एकदा कळले की तू पास घेण्याआधीच समोरची मुलगी अंगावर येते. प्रशिक्षकांना हे दिसते, म्हणून तू बाकावर आहेस.

मी तुझ्या वयाची असताना राज्याच्या संघनिवडीतून वगळले गेले. कर्नाटकाला आम्ही मराठी आणि महाराष्ट्राला आम्ही कर्नाटकातले, मग सीमेवरच्या मुलीने खेळायचे कुणाकडून, असे मी पंधरा वर्षे सांगत फिरले. शेवटी त्याच निवडीला आलेली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, चेंडू तुझ्याजवळ थांबतच नव्हता." ती खरे बोलत होती. तरीही सांगते, त्या वर्षी डाव्या बगलेवरून माझ्याइतकी धावणारी दुसरी कोणी नव्हती आणि मला दहा मिनिटेच पाहिले गेले. परत येऊन मी शाळेत नोकरी धरली, कारण आईकडे बघायला दुसरे कोणी नव्हते. तो निर्णय चुकला, असे मला कोणीही म्हणू नये. चुकले ते एवढेच, की त्या पंधरा वर्षांत मी पहिला स्पर्श सुधारला नाही.

तेव्हा रोज भिंतीवर चेंडू मार आणि परत आलेला चेंडू दूरच्या पायाने घे, अंग अर्धे वळवून, दोन्ही पायांनी शंभर-शंभर वेळा. चेंडू पोहोचण्याआधी मान वळवून मागे बघ. पाठीमागून कोणी "हिंदे", म्हणजे कन्नडमध्ये "मागे", असे ओरडली तर ते क्षणात कळले पाहिजे. शाळेत कन्नड शिकली आहेस, मग बोलायला लाजतेस कशाला? चेंडू पायाशी थांबू लागला की त्याच मुली तुला हाका मारून पास मागतील, हे मी शाळेच्या संघात अनेकदा पाहिले आहे.

भरतीचा अर्ज अवश्य भर, त्याने लीग अडत नाही. पण क्लबचे बोलावणे आले तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसचे तिकीट त्याच दिवशी काढ.

रविवारी येताना जुने बूट आण. परसातल्या भिंतीला कालच चुना मारून घेतला आहे. चेंडूचे लाल ठसे गुडघ्याच्या वर किती उठतात, ते आपण दोघी मोजू.

तुझी,
बाई